उजवा दिवा

काल जांबोटीच्या पुढं धुक्यानं गाडी गिळली,
तेव्हा कळलं, उजवा फॉगलाइट गेलाय.
कधी गेला, कुणास ठाऊक.
खानापुरात कोण लावून बघतंय.

आज पोतं अंथरून मी अंगणात आडवा.
स्टेअरिंग पार डावीकडं,
चाकाआडच्या काळ्या अस्तराच्या तीन क्लिपा निघाल्या,
चौथी तुटली.
शेजारचा इराण्णा मोबाइलचा उजेड धरून उभा,
बोलता बोलता उजेड कोंबड्यांवर जातो.
"अरे, इकडं!"

"मंजु भाळ इत्तेनु?" तो विचारतो.
त्याच्या कन्नडात मंजु म्हणजे धुकं.
माझ्या घरात मंजू म्हणजे बायको.
आतून आवाज येतो, "मला हाक मारली काय?"
"नाही गं, घाटातल्या मंजूचं चाललंय."
भांडं जरा जोरातच आपटतं.

हात कोपरापर्यंत आत,
डोळ्यांना दिसत नाही ते बोटांनी बघायचं.
खटका दाबला, होल्डर फिरवला,
जुना बल्ब आला, काचेत धूर गोठलेला.

नव्याच्या काचेला बोट लावायचं नाही.
दुकानदारानं तीनदा बजावलंय,
बोटाचं तेल तिथंच तापतं, काच फुटते.
म्हणून जुन्या बनियननं धरलाय.
मंजू दारात येऊन बघते,
"पोरीला पहिल्यांदा घेतलं तेव्हा पण
हात असेच थरथरत होते."
इराण्णाला कळलं वाटतं, हसला.

अंधार पडल्यावर बटण दाबलं.
दोन्ही लागले.
डावा आता उगीच म्हातारा वाटतो.
गाडीपुढं आम्ही तिघं,
गुडघ्यापर्यंतच उजळलेले.