सातवा खण

काजानीत उणे एकतीस.
नदीकाठच्या जुन्या कागदगिरणीत आता कागद नाही,
सर्व्हर आहेत,
आणि रात्रपाळीला एकटी राइली.

सातव्या खणातली डिस्क परवापासून कण्हत होती.
तिने ती उपसली, नवी सरकवली,
यंत्र पुन्हा चालू केलं,
थर्मासकडे वळली,
तेवढ्यात पडद्यावरचा आकडा कोसळला.
शंभरातल्या ब्याण्णव मागण्या इथेच भागायच्या,
आता चार.
बाकीच्या सगळ्या हेलसिंकीतल्या मूळ सर्व्हरच्या दारावर
थडकायला लागल्या,
आणि त्याला धाप लागली.

हरवलं काहीच नव्हतं.
कालची आइस हॉकी, बर्फाचे नकाशे,
कुणाच्या तरी लेकीचा पहिला दात,
सगळं अकरा डिस्कांवर जसंच्या तसं.
फक्त नवी जरा उशिरा जागी झाली
म्हणून रांगेत शेवटी बसली,
आठवी झाली सातवी, नववी आठवी,
आणि जो तो
शेजारणीच्या घरात आपली वस्तू शोधू लागला.
काखेत कळसा.

राइलीला आई आठवली, हेल्वी.
डोळे गेल्याला सात वर्षं.
शरदात राइलीने हौसेने स्वयंपाकघर रंगवलं,
बरण्या पुसून परत लावल्या
आपल्या मनाने.
दुसऱ्या दिवशी आई मिठाची कॉफी
शेवटच्या घोटापर्यंत प्यायली
आणि म्हणाली, "माझं घर कुठे ठेवलंस?"
मग तिनेच लोकर मागितली.
मिठाच्या गळ्यात एक गाठ, साखरेच्या दोन,
कॉफीला नुसताच गोफ.
"आता ठेव कुठेही."

थंड फरशीवर मांडी घालून
राइलीने ओळ खोडली, ओळ लिहिली:
खणाला विचारू नकोस, डिस्कला विचार.
प्रत्येकीच्या अंगावर कारखान्यातूनच कोरलेला
लांबलचक क्रमांक,
तेच तिचं नाव, मग ती कुठेही बसो.
आणि गेलीच एखादी, तर जाईल
तिच्या वाट्याचं तेवढंच.

चाळीस. एकसष्ट. पुन्हा अठ्ठावन्न, का कोण जाणे.
पहाटे चौऱ्याऐंशी.
नवी अजून जवळजवळ कोरी.
काही मागितलं की म्हणते,
माझ्याकडे नाही, आणते.
आणि एकदा आणलं की ठेवून घेते.

सहाला पेंटी आला, बूट झटकत.
"रात्री काही विशेष?"
"नाही. एक डिस्क बदलली."
कोटाच्या खिशात तिची बोटं
लोकरीच्या तुकड्याला
गाठ मारत होती.