फाइल खैर

अजमानच्या टायपिंग सेंटरात
माझी खुर्ची एसीच्या थेंबाखाली.
समोर पर्शराम घाडीचा अर्ज:
व्हिसा संपून चौदा महिने,
कंपनीचं शटर त्याच्याही आधी खाली.

दंड भरायला आलाय गुलजमीर,
पेशावरकडचा, ट्रक चालवतो,
बोटांच्या पेरांत ग्रीस.
फॉर्म विचारतो, नातं?
यादी उघडते: वडील, भाऊ, पती, मालक.
"कोण लागतो तुझा?"
"कोई नहीं. खाना साथ खाते थे."

डोक्यात आपसूक टाइप होतं: हितचिंतक.
आणि बोटं थबकतात.

आमच्याकडे हा शब्द
लग्नपत्रिकेच्या तळाशी असायचा,
आप्तेष्टांच्या मागे स्वल्पविराम देऊन.
वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असायचा,
फोटोत न मावलेल्यांसाठी.
आणि एकदा आला आंतर्देशीय पत्रात,
ताईच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या नावे.
"मुलीची नीट चौकशी करावी.
आपला, एक हितचिंतक."
ठरलेलं मोडलं.
नाव नव्हतं, पण "क"ची ती लांब ओढलेली शेपटी
घरात सगळ्यांनी ओळखली.
आम्हा भावंडांना ती गुरुजींनीच तर शिकवलेली.
आई एवढंच म्हणाली,
हित कुणाचं, ते नाही लिहिलं.

शेजारचा रिफअत, मिसरी,
माझ्या खांद्यावरून वाकून "इतर" निवडतो,
पुढच्या रकान्यात दोन शब्द टाकतो,
उजवीकडून डावीकडे.
फाइल खैर.

पहिल्या वर्षी मला वाटलेलं
खैर नावाच्या कुणाची तरी फाईल आहे.
अख्खं कपाट उपसलं होतं मी.

"भलं करणारा," तो सांगतो.
"नाव द्यायचं नसलं की हेच लिहितात.
तुमच्यात काय म्हणतात?"
मी शब्द सांगते. मग फोड करते:
हित म्हणजे खैर,
चिंतक म्हणजे विचार करणारा.
"नुसता विचार?"

गुलजमीर नोटा मोजतोय.
वीस दिरहम कमी पडतात,
मी ड्रॉवर उघडते, रिफअत तेवढ्यात चहाला जातो.
पावती घडी करून खिशात घालता घालता
गुलजमीर दारातून परत फिरतो.
"मॅडम, उसको खिड़की वाला सीट मिलेगा ना?
गाडी में उलटी होती है उसको."

त्यासाठी रकाना नाही.
तिकिटाच्या पाकिटावर मी पेनानं लिहिते,
काउंटरवर खिडकीची सीट मागून घ्या.
दोन्ही "क" शेपटी ओढून येतात,
गुरुजींच्याच.
खाली सही करत नाही.