समासातली वेल

पाद्रे अरान्साबालसाठी मी शाई करायचो.
माकुळाची पिशवी फोडायची, फडक्यातून गाळायची,
वास जाईना म्हणून चिमूटभर दालचिनी.
सामारच्या त्या दमट किनाऱ्यावर
कागद वाळायला दोन दिवस लागत,
बुरशी यायला एक.

तो सगळ्यांना विचारायचा, हे काय.
खेकड्याला, शेवाळाला,
मुठीत मावणाऱ्या, डोळेच डोळे असलेल्या मागोला.
आणि उत्तर देणार कोण? बिनावी.
देवचारांशी बोलते म्हणून जिला
रविवारी देवळाबाहेर उभं करायचे
आणि सोमवारी तिच्याच मागून टोपली घेऊन हा रानात.

ओढ्याकाठी दिता होता.
चौघांची मिठी पुरत नसे.
यात सैतान राहतो, तो म्हणाला.
तोडायच्या आदल्या दिवशी मात्र
तिथेच बैठक मारली,
देठाभोवतीची पानं मोजली, सात,
पुन्हा मोजली,
चीक जिभेला लावला, थुंकला, लिहिलं.
चित्र इतकं हुबेहूब
की कुऱ्हाडी चालल्या तेव्हा
मी कागदाकडेच बघत राहिलो.

पाऊस सरता सरता त्याला हिवतापाने धरलं.
दातावर दात. लॅटिन मध्येच तुटायचं.
बिनावी आली,
कमरेच्या पुरचुंडीतून सालीचे तुकडे काढले, उकळले.
कुठल्या झाडाची, सांगितलं नाही.
त्याला चवीवरून कळलं.

उठून बसल्यावर पहिली ओळ हीच सांगितली:
साल महाकडू. तापावर हमखास.
एका रानटी म्हातारीकडून समजलं.
मी म्हटलं, पाद्रे, नाव?
म्हणाला, घातलंय की. दिता.

त्या रात्री मेणबत्तीच्या थोटकाशी
समासात मी तीन अक्षरं काढली,
आमच्या लिपीतली,
बांबूवर कोरतात तशी वळणावळणाची.
सकाळी त्याने त्यावरून बोट फिरवलं.
वेल बरी जमलीय, म्हणाला,
पण या झाडावर मला कधी दिसली नव्हती.

गलबत गेलं.
पुस्तक राजाला मिळालं की वाळवीला,
आम्हाला कोण कळवतंय.
पाद्रे तिकडे टेकडीवर, क्रूसाखाली.
बिनावी कुठे, ते मी सांगणार नाही.

ओढ्याकाठच्या थोटकाला फुटवा आलाय.
मोजायचे तर मोजा.