उरवणी

बचतगटाच्या फॉर्मात चौथा रकाना:
पदार्थाचे नाव व नावाचा उगम.
अंजिराकाकी म्हणाली, लिही, उरवणी.
उगम म्हणजे? नदीचा?

बामणोलीच्या वरच्या आळीला तिची चूल.
चुलीवर कारवीच्या काटक्यांचा माच,
माचावर वांब, पोट चिरून, मीठहळद चोळून.
खाली हिरड्याचं ओलं लाकूड.
जाळ होऊ द्यायचा नाही. नुसता धूर, तीन रात्री.
चौथ्या दिवशी मासा जुन्या चामडी पट्ट्यासारखा,
टिचकी मारली की वाजतो.

राऊ भोई सांगतो, मूळ शब्द धुरवणी.
त्याच्या आज्याचे पुढचे दात पडलेले,
तोंडातून ध काही निघेना.
मग तो ध गेला कुठं?
धुरात गेला की!

काकीला हे मान्य नाही.
तिची सासू म्हणायची,
धरणाचं पाणी नव्हतं, नदी होती तेव्हा
ताजं मेढ्याच्या बाजारात जायचं,
खपलं नाही ते पाटीतून परत.
उरलं ती उरवणी.
चांगला मासा आम्ही कधी धुरावर घातलाच नाही रे,
आता घालतो, तुझ्या साताऱ्याच्या लोकांसाठी.

रकाना दोन बोटांचा.
मी 'धूर' लिहिलं, खोडलं,
'उरणे' लिहिलं, त्यावर काजळीचा अंगठा उमटला.

काकीला वाचता येत नाही.
तिनं कागद नाकाशी नेला,
डोळे मिटले,
म्हणाली, हां. बरोबर लिहिलंस.