ऑक्टोबरचं सूचनापत्रक

दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी
मी दवाखान्याचं सूचनापत्रक लिहिते.
एकच कागद, पाठपोट,
बेकरीत, पोस्टात, चॅपलच्या दाराशी ठेवायला.
वेल्समधलं हे गाव पाटीच्या दगडाच्या खाणीखाली वसलेलं;
इथे बातमी आधी पोचते, कागद मागून.
तरी लिहायचं.

फ्लूची लस आली आहे.
पासष्टच्या वरच्यांनी शनिवारी सकाळी यावं,
बाही सहज वर जाईल असं काही घालून.
लस नर्स हेलेद देईल.
(गेल्या वर्षी मिसेस प्रॉथेरो
तिसरा स्वेटर उतरवेपर्यंत
रांग बसथांब्याला टेकली होती.
हे छापायचं नाही.)

फोन सकाळी आठला सुरू होतो.
नवं यंत्र दोन भाषांत सांगतं,
रांगेत तुमचा नंबर अकरावा.
लोक दोन्ही भाषांत शिव्या देतात,
मग मी उचलला की म्हणतात, तुला नाही गं.

डॉक्टर इद्वाल प्रॉसर एकतीस वर्षांनी निवृत्त होत आहेत.
त्यांच्या हाताला गुण, असं गाव म्हणतं.
मला माहीत आहे ते एवढंच
की ते हात बारा महिने गार असायचे,
आणि कुणाच्या पोटाला लावण्याआधी
ते स्वतःच्या काखेत धरून
त्यांना ऊब आणायचे.
यातलं किती लिहू?
'शुभेच्छा' लिहिलं.

जानेवारीत नव्या डॉक्टर येतील, चिझोबा ओकेके.
मुलाखतीच्या दिवशी मला 'बोरे दा' म्हणाल्या,
काठोकाठ भरलेला कप
न सांडता आणावा तसं.
मधले दोन महिने दुपारनंतर
डॉक्टर औषधालाही मिळणार नाहीत.
लिहिलं. खोडलं.
'सकाळीच यावे' लिहिलं.

आता तो आकडा.
सप्टेंबरमध्ये सत्तेचाळीस जण
वेळ घेऊन आले नाहीत.
म्हणजे डॉक्टरांचे जवळजवळ आठ तास.
हे ठळक अक्षरात छापायचं, लाज वाटावी म्हणून,
असं वरून आलं आहे.

मी यादी काढली.
एकीची बस आली नाही.
एकाला आपोआप बरं वाटलं.
एकजण रिपोर्टला घाबरून
कोपऱ्यावरूनच परत फिरला, मी खिडकीतून पाहिला.
आणि मंगळवार, नऊ दहा: कॅडवालाडर बेब.
दगडाची धूळ छातीत घेऊन
चाळीस वर्षं खोकला अंगावर काढलेला माणूस.
मुलीनं हट्टानं वेळ घेतली होती.
रविवारी रात्रीच गेला.
कॉम्प्युटरला एवढंच कळतं: 'आला नाही'.

त्या मंगळवारी नऊ दहाला
डॉक्टर सवयीनं बाहेर आले,
नाव घ्यायला तोंड उघडलं,
मिटलं.
आत गेले, पण दार लावलं नाही.
पुढचं बाळ खोकत होतं, त्याच्या आईनं माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, जरा थांब.
नऊ वीसला मग आतून हाक आली.

मी सत्तेचाळीस खोडून सेहेचाळीस केले.
वरून विचारलं तर
बेरीज चुकली म्हणेन,
माझं गणित शाळेपासून कच्चंच आहे.

कागदाच्या तळाशी थोडी जागा उरली आहे.

कुबड्यांच्या पंधरा जोड्या अजून बाहेर आहेत.
पाय बरे झाले असतील
तर कृपया आणून द्या.
दाराबाहेर टेकवून ठेवल्या तरी चालतील.
कुणी काही विचारणार नाही.