सांग

नाव ठरायलाच तीन आठवडे गेले.
‘छाप’ला चुकून एक काना लागला की धाड पडते.
‘लिही’ म्हणजे शिक्षा, शंभर वेळा लिही.
‘दाखव’मध्ये जरा दरडावणी होती.
शेवटी ऐरोली नाक्यावर, रिक्षा मिळत नव्हती तेव्हा,
शेजारची बाई फोनवर म्हणाली, “बरं, सांग.”
मी घरी चालतच आले.

सांग. मग कंस. कंसात जे असेल ते पडद्यावर.
इतकंच काम. इतकंच म्हणता म्हणता
प्रश्न आला, सांगून झाल्यावर काय?
कर्सरने त्याच ओळीत थांबायचं, की खाली उतरायचं?

दिवा कोळीवाड्यात जोमाकाका मढवी
होड्यांवर नावं रंगवतात. त्यांना विचारलं.
ब्रश रॉकेलमध्ये बुडवत म्हणाले,
“नाव झाला का हात खाली न्यायचा, पोरी.
तथंच ठेवला त पुसतंय.”
म्हणून प्रत्येक सांगनंतर नवी ओळ, न मागता.

अक्षरामागे ते चाळीस रुपये घेतात.
‘क्षितिजा’चे एकशेवीस.
माझा प्रोग्राम त्याच नावाचे आठ तुकडे मोजत होता,
काना, वेलांट्या, पाय मोडल्याची खूण, सगळं सुटं धरून,
आणि तक्त्याचा उजवा रकाना कलंडत होता.
“तीनशेवीस?” काका हसले. “तुजा मशीन लय म्हाग.”
ती अख्खी रात्र
अक्षर म्हणजे काय, यात गेली.

रबाळ्याच्या पालिका शाळेत
सगळ्यांत आधी बसली आफरीन, सातवी ब.

सांग(आफरीन)

अवतरणचिन्हं राहिली.
पडद्यावर लाल ओळ:
चूक. ‘आफरीन’ अस्तित्वात नाही.

ती ओळ मीच लिहिली होती, मार्चमध्ये,
एका हातात चहाचा कप,
चलाचं नाव सापडलं नाही तर असावी म्हणून.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
तिने ती दोनदा वाचली,
दुसऱ्यांदा ओठ हलवत.

मी म्हटलं, नावाच्या दोन्ही बाजूंना खुणा दे.
तिने दिल्या, गरम टोप
दोन फडक्यांनी धरावा तशा.

आफरीन

आणि कर्सर खालच्या ओळीत जाऊन उभा.
“आता?” ती म्हणाली.

त्या रात्री लाल ओळ बदलली. आता ती म्हणते,
‘हे नाव मला अजून कुणी सांगितलेलं नाही,
तू सांगशील का?’
वाक्य फार लांब झालं.
खिडकीत मावत नाही, मध्येच मोडतं.
मोडू दे.