चौदा इंच

गाडी पिवळ्या रेघेबाहेर चौदा इंच येते,
हे सेक्रेटरींनी तीनदा लेखी कळवलं,
तिसऱ्यांदा टेप लावलेला फोटो जोडून.
म्हणून मेच्या रणरणत्या दुपारी
अण्णांची डॉज घेऊन मी नाना पेठेत.

करडे मिस्त्री आधी गाडीशी बोलले, मग माझ्याशी.
हौद्याच्या कडेने बोटाच्या पेराने टकटक करत गेले,
कलिंगड पारखावं तसं.
एका जागी थांबले.
"काय वाहायचे?"
बर्फ. लाद्या. भुसा घालून, गोणपाटात.
पहाटे चारला कारखान्यातून, उन्हं यायच्या आत कॅम्पात.
"तरीच. गोड्या पाण्यानं खाल्लाय.
असा पत्रा सभ्य असतो, कडेकडेनं झिजतो."

मला वाटलेलं, मागून चौदा इंच कापले की झालं.
ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.
"चाकाची कमान मग कुठं जाईल? फाळका कशाला बसेल?
पुढून नऊ काढायचे, मागून पाच.
नऊवारीची पाचवारी करताना
पदर कुणी कापतं का, बाई?"

पोलादी सुईने रेघ ओढली. पुसली. पुन्हा ओढली.
ग्राइंडर कोपऱ्यात ठेवून हातकरवत घेतली,
म्हणाले, त्याच्या आगीनं पत्रा चिडतो.
दोन दिवस करकर, करकर.
तिसऱ्या दिवशी दुमडीतून
चिमूटभर भुसा पडला, कोरडा ठक्क.
मी हातात घेतला.
वास वगैरे काही नव्हता.

मग दोन तुकडे समोरासमोर.
मध्ये नखाएवढी फट,
आणि तिच्याकडे बघत मिस्त्रींचा एक आख्खा चहा गार झाला.
एक टाका इथे. दुसरा हातभर लांब.
ओला फडका. थांबायचं.
सलग ओढलं तर पत्रा पापडासारखा फुगतो.
बादलीतलं पाणी तापलेलं,
फडका वाफाळत होता, हात पोळत होता,
तेव्हा मी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून
दहा रुपयांचा बर्फ आणला, गोणपाटासकट,
आणि सवयीने नाही (मला कुठली सवय?)
पण ठेवला तो हौद्यातच.

आतून लोखंडी गोटा, बाहेरून हातोडी.
ठोकत नव्हते, समजूत घालत होते.
आवाज बदलत गेला: फुटका, भरडा, मग भरीव.
मध्येच, मी न विचारता:
"आमचे आजोबा तांबटआळीत हंडे मठारायचे.
एकेक टिंब उठवायचं. ते मोजून गिऱ्हाईक पैसे द्यायचं.
माझं उलटं. इथं काही झालंच नाही
असं दिसलं, की मजुरी मिळते."
आणि तळवा फिरवला सांध्यावरून,
डोळे मिटून,
पुन्हा, उलट्या दिशेने.

रंग चढल्यावर मीच सांधा शोधत राहिले.
सापडला नाही.
कापलेल्या दोन पट्ट्या त्यांनी सुतळीने बांधून दिल्या,
"भंगारात घालू नका, निदान या वर्षी तरी."

आता गाडी रेघेच्या आत उभी राहते,
दोन बोटं राखून.
सेक्रेटरींनी मोजलं. काही बोलले नाहीत,
हेच त्यांचं अभिनंदन.

रविवारी तिच्याखाली सरपटत गेले,
नट बघायला.
अंधारात वर हात गेला
आणि बोटांना लागली एक ओळ:
सांध्याच्या बरोबर पाठीवर, कडेपासून कडेपर्यंत,
टिंबं. सारख्या अंतराची, सारख्या खोलीची,
जिथं गिऱ्हाईक कधी बघत नाही
आणि मजुरी कुणी लावत नाही.
मी मोजायला लागले.
एकतीसपर्यंत आले असेन,
तोच चपला दिसल्या, मग टॉर्च.
"काही गळतंय का गाडीतून?"

नाही, म्हटलं.
आता नाही.